मामांच्या गाडीची तपासणी, सह्यांसहित

पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर
मार्गशीर्ष शुद्ध नवमी

चिरंजीव रामेश्वर यास कडुबादाजींचा मनापासून आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे ते कळव. चाकणचे खड्डे आणि तुझी कंबर यांचं वैर जुनं आहे, त्यात आम्ही लांबून काही बोलणं बरं नाही. सूनबाईंचा खोकला थांबला असेल. इकडे आईंची (तुझ्या, पण मीही त्यांना आईच म्हणतो) तब्येत देवाच्या दयेनं चांगली आहे, गुडघे सोडून. तुझी बहीण सत्यशीला बरी आहे आणि चंपाषष्ठीपासून माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे. मधले पाच दिवस का बोलत नव्हती, ते पुढं येईलच. नळाला नवव्या दिवशी पाणी आलं, म्हणजे त्याही आघाडीवर सगळं नेहमीसारखं आहे.

फोन असताना दाजींनी पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. आपल्या घरात फोन म्हणजे ग्रामसभा असते. आईंना कमी ऐकू येतं म्हणून तो स्पीकरवर लावायचा, आणि जे त्यांनी ऐकू नये ते त्यांना स्पीकर बंद असतानाही नीट ऐकू येतं. हा मजकूर त्यांच्या कानावर जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. म्हणून पोस्टातून पाकीट आणलं. (खिडकीतल्या मुलीनं विचारलं, काका, कोर्टाचं काम आहे का? मी म्हणालो, जवळपास तसंच.)

तर विषय गाडीचा आहे. घाबरू नकोस. गाडी आहे, चारही चाकांवर उभी आहे.

तू जाताना किल्ली माझ्या हातात ठेवून दोन गोष्टी सांगितल्या होत्यास. दर रविवारी एकदा सुरू करा, आणि बॉनेट उघडू नका. पहिली गोष्ट मी बहुतेक रविवारी पाळली. दुसरीबद्दल योग्य ठिकाणी लिहीन. माणसानं कबुली द्यावी, पण तिची जागा त्यानं स्वतः निवडावी, असं माझं मत आहे.

मार्गशीर्ष प्रतिपदेला खंडोबाचे सहा दिवस बसले. आईंनी घट मांडला, उपास धरला, आणि मी चंपाषष्ठीची तयारी म्हणून गाडी सुरू करायला गेलो. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, खोकलं, आणि गप्प झालं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दिवाळीपासून ती जरा खोकत होती हे खरं आहे, पण थंडी पडली की मीही खोकतो, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

आता या गाडीचं आपल्या घरात काय स्थान आहे ते मी तुला सांगायला नको, तरी लिहितो, कारण ते मनात धरूनच पुढचं वाचायचं आहे. तुझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या सोनाजीमामांनी, मेंढरं विकून ही जुनी गाडी घेतली, तेव्हा वस्तीवर रस्ता नव्हता. रस्ता यायला वर्ष लागलं आणि ते वर्षभर गाडी बाभळीखाली उभी करून नुसती धुतली गेली. मामा गेल्यापासून आई वर्षातून एकदाच तिच्यात बसतात, चंपाषष्ठीला, पुढच्या डाव्या सीटवर, आणि आपल्या इथल्या साताऱ्याच्या खंडोबाला जातात. दर्शन झालं की उपास सोडायचा. दुसऱ्या गाडीनं जायचं नाही. मी रिक्षा सुचवली. फोनवरून बोलावतात ती टॅक्सी सुचवली. आईंनी वाती वळता वळता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, गाडी निघंल का नाय तेवढं सांगा. नसंल निघत तर मी पायी जाईन. आजपासून चालायची सवं करते."

आणि त्यांनी केली. शहात्तर वर्षांचे गुडघे, डॉक्टरनं जिना चढायलाही मना केलेलं, आणि सहा-सात किलोमीटरची वाट. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गच्चीवर त्यांच्या काठीचा आवाज येऊ लागला. खाली मी गाडीजवळ उभा, वर टक टक टक. सत्यशीलेनं जिन्यातून एकदा वर पाहिलं, एकदा खाली माझ्याकडे पाहिलं, आणि बोलणं बंद केलं.

दुरुस्ती कोण करणार हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही. उत्तर ठरलेलं होतं. मी चोवीस वर्षं वाळूजला गाड्यांच्या भागांच्या कंपनीत तपासनीस आहे, आणि तुमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख इंजिनियर म्हणून आहे. (लग्नात मामांनीच ती करून दिली. मी तेव्हा दुरुस्त करायला हवी होती, पण लोक पंगतीत जास्त वाढू लागले होते.) खरं काय ते आज तुला सांगतो. प्लगला जी वायर जाते, तिच्या टोकाला एक काळं रबरी बूच असतं. मी ते बूच तपासतो. वरून पाहायचं, खालून पाहायचं, भोकातून उजेड पाहायचा, आणि ट्रेमध्ये ठेवायचं. चोवीस वर्षांत लाखो बुचं माझ्या बोटांखालून गेली. त्या बुचाच्या पलीकडे वायर कुठं जाते हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी एक वळण लावलं होतं, आपल्या पाटीवरचं आपण बघायचं. त्या वळणानं मला कंपनीत फार यश दिलं.

परंतु अब्रू वाचवायची तर पद्धतशीर वाचवावी. मी कंपनीत करतो तसा एक तक्ता केला. ठिणगी जिथून निघते आणि जिथं पोचते, त्या वाटेवरचे नऊ भाग पुस्तकात पाहून लिहिले. बॅटरी, किल्लीचा स्विच, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटरची टोपी, वायरी, प्लग. पुढं तीन रकाने. तपासणाऱ्याची सही, पडताळणाऱ्याची सही, मान्यता. खाली दिनांक. तक्ता इतका सुंदर झाला की पाहून मला वाटलं, निम्मं काम झालंच. ही भावना मला कंपनीतही रोज होते.

पहिल्या दिवशी तपासणारा मी. बॅटरीचे दिवे लागत होते, म्हणून बॅटरी ठीक. स्विच फिरत होता, म्हणून स्विच ठीक. कॉइल जागेवर होती, ठीक. पॉइंट आणि कंडेन्सर नेमके कोणते ते कळलं नाही, पण काही पडलेलं दिसत नव्हतं, ठीक. रोटर टोपीच्या आत असतो, आणि टोपी मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, स्वतःच्या हातानं पुसली होती, म्हणून दोन्ही ठीक. वायरींची बुचं मात्र मी मनापासून तपासली, वरून, खालून, भोकातून. नऊच्या नऊ ओळींवर माझी सही झाली. गाडी सुरू झाली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे साहेबराव आले. तुला आठवत असतील, उंच, पांढऱ्या मिशा, बसच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. येतानाच म्हणाले, "जयभीम कडुबाराव. इंजिनात तेहतीस वर्षं गेली आपली. व्हा बाजूला." मी बाजूला झालो. त्यांनी चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले आणि पत्रिका पाहावी तसे पाहू लागले. गल्लीतले सहा-सात जण जमले. बराच वेळ झाल्यावर साहेबराव हळूच माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "हे प्लग वाईट असले म्हंजे कसे दिसतेत?" तेव्हा मला कळलं की त्यांची तेहतीस वर्षं डिझेलच्या इंजिनात गेली होती, आणि डिझेलला ठिणगी लागतच नाही, त्यामुळं प्लगही नसतो. तिथं हवा दाबली की डिझेल आपोआप पेटतं. "हे सगळे लाड पेट्रोलचे," असं ते नंतर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

शेजारच्या गॅलरीतून त्यांच्या पत्नी गोजरबाई धुणं वाळत घालता घालता बोलल्या, "मिक्सर खोलला व्हता दिवाळीत. त्यो अजून टोपल्यातच हाय. कडुबाभाऊ, तुमच्याकडं मोठं टोपलं हाय ना?" साहेबरावांनी वर पाहिलं नाही. सांसारिक माणसाचं हे कौशल्य मी त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

मग करंट बघायचं ठरलं. कॉइलकडून जी मधली वायर येते ती काढायची, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचं, आणि सेल्फ मारायचा. ठिणगी उडाली तर कॉइल चांगली. सेल्फ साहेबराव मारणार होते, वायर मी धरणार होतो. ते म्हणाले, उघड्या तारेला हात लावू नका, बुचाला धरा, रबर हाय. बूच म्हटल्यावर माझा विश्वास बसला. रामेश्वर, चोवीस वर्षं मी ज्या वस्तूची डोळ्यांनी तपासणी केली, तिची त्या दिवशी सगळ्या अंगानं केली. बुचाला मागच्या बाजूला चीर होती. मला पुढचं थोडं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी तुळशीवृंदावनाजवळ बसलेलो होतो, लोक पाणी देत होते, आणि साहेबराव समाधानानं सांगत होते, "करंट हाय. कॉइल चांगली." सावध झाल्यावर मी सर्वांना सांगितलं की ते बूच आमच्या कंपनीचं नव्हतं. (होतं. मागच्या बाजूला आमचंच चिन्ह होतं. मी ते उताणं करून ठेवलं.)

साहेबरावांनी प्लग बसवले, वायरी लावल्या आणि पडताळणाऱ्याच्या रकान्यात सही करायला पेन मागितलं. नवांपैकी त्यांनी दोन भाग पाहिले होते. पण माझी सही आधीच होती, आणि शेजाऱ्याच्या सहीवर संशय घेणं त्यांना बरं वाटलं नाही. नऊ सह्या केल्या. त्यानंतर सेल्फ मारला तेव्हा गाडी नुसती खोकली नाही, तिनं सायलेन्सरमधून असा बार काढला की गल्लीतली कुत्री थेट मुख्य रस्त्यापर्यंत गेली आणि गच्चीवरची काठी थांबली. वरून आईंचा आवाज आला, "निघाली का?" मी म्हणालो, अजून नाही. काठी पुन्हा सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी मी ओळखीनं अभयला बोलावलं. याचं मोठं गॅरेज आहे, काचेचं दार, आत थंड हवा, गिऱ्हाइकाला कॉफी. तो हातात एक यंत्र घेऊन आला. म्हणाला, काका, आता हात काळे करायचे दिवस गेले, गाडीलाच विचारायचं तुला काय होतंय, ती पडद्यावर सांगते. मला हे आवडलं. आपल्या घरात असं विचारल्यावर सांगणारं कुणीच नाही. अभय डॅशबोर्डच्या खाली उताणा शिरला आणि यंत्राची वायर जोडायची जागा शोधू लागला. पाऊण तास शोधली. सापडली मामांची चंची, आत सुपारीच्या एका खांडासकट. शेवटी बाहेर येऊन बसला आणि म्हणाला, "काका, हिला सॉकेटच नाय. बात करायची कुठून हिच्याशी? ही त्या जमान्यातली है जब गाड्या चूप बसायच्या." मी म्हणालो, मग बॉनेट उघडून बघतोस का? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला विहिरीत उतरायला सांगितलं होतं. मग त्याची नजर तक्त्यावर गेली. दोन रकाने भरलेले, अठरा सह्या. "सगळं चेक झालंय की," तो म्हणाला आणि मान्यतेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच लांब सही केली. पूर्वी आमच्या कंपनीत असे मोठे साहेब होते. त्यांची सहीही अशीच उभी असे.

आता तक्ता पूर्ण होता. कागदाप्रमाणे गाडी उत्तम होती. चौथ्या दिवशी मी तो तक्ता हातात धरून गाडीसमोर बसलो होतो आणि मला पहिल्यांदा तिचाच राग आला. सगळ्यांनी सह्या करूनही ती चालत नव्हती. इतका हट्टीपणा यंत्राला शोभत नाही असं मला वाटलं. माणूस नोकरीत मुरला की त्याची कुठवर मजल जाते ते तुला कळावं म्हणून लिहितो. मी देवापुढं बसलो तेव्हाही मागणं असं निघालं, की देवा, कागद खरा कर.

त्या संध्याकाळी आई गच्चीवरून खाली आल्या तेव्हा गुडघ्याला सुजेचा गोळा आला होता. उपासाचा चौथा दिवस. सत्यशीला तेल चोळत होती. आई म्हणाल्या, "तीन फेऱ्या जास्त झाल्या आज. परवा जमंल." कुणाला बोल लावला नाही. बोल लावला असता तर मला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी वर्तमानपत्रावर पुन्हा चारही प्लग मांडून बसलो होतो, तेव्हा साहेबरावांची सून करुणा कामावरून आली. ती मोटार दुरुस्तीचा आयटीआय करून एका खाजगी शिकवणी केंद्रात शिकवायला आहे, हे मला ठाऊक होतं. साहेबरावांना तर अर्थातच ठाऊक होतं. पाच दिवस ती सकाळी आमच्या गाडीच्या बाजूनं जात होती आणि दुपारी बाजूनं येत होती, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. साहेबरावांना वाटलं, सुनेला काय विचारायचं. मला वाटलं, शेजाऱ्याच्या सुनेला काय विचारायचं. ती फाटकाशी थांबली. म्हणाली, "काका, गच्चीवरच्या आवाजानं मला घरात बसवंना. टोपी उघडून बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो. "तीन सह्या आहेत."

"सह्या नाही विचारत. आत बघितलं का?"

मी एक प्लग उचलून पुसू लागलो. तिनं पर्स कट्ट्यावर ठेवली, ओढणी कमरेला बांधली, बॉनेटखाली वाकली आणि टोपीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या पट्ट्या अंगठ्यानं मागे सारल्या. टोपी हातात आली. इतकंच काम होतं. तिनं ती उलटी करून उन्हात धरली आणि मला दाखवली.

आत सगळं पिवळं होतं.

आता ती कबुलीची जागा आली, रामेश्वर. खंडेनवमीला कंपनीत आम्ही आपापलं यंत्र धुऊन-पुसून त्याची पूजा करतो. त्या दिवशी घरी आलो तेव्हा मनात भक्ती उरलेली होती, आणि समोर गाडी होती. मी बॉनेट उघडलं. टोपीवर पाच वायरी, आणि पाचांच्या टोकाला माझी बुचं. ती खालून कशी दिसतात हे पाहायचा मोह झाला. पट्ट्या सारून टोपी उचलली, आतून स्वच्छ पुसली, आणि तेवढ्यात आई तळी भरून आल्या. कपाळ उघडं दिसलं की भंडारा लावायचा, ही त्यांची रीत. येळकोट म्हणून त्यांनी मूठ उधळली ती नेमकी आत. वर उलट्या धरलेल्या टोपीत, खाली उघड्या डिस्ट्रिब्युटरमध्ये. मी हातात कळकट फडकं घेऊन उभा होतो. देवाचा भंडारा त्या फडक्यानं पुसायचा? माझा हात उठला नाही. मी हात जोडले आणि झाकण लावून टाकलं. पुढं तपासणीच्या दिवशी मला पुसल्याचं आठवलं. भंडाऱ्याचं आठवलं नाही. चांगलं केलेलं काम माणसाच्या डोक्यात राहतं आणि त्यावर पडलेलं निघून जातं.

करुणानं मला समजावलं ते मी तुला सांगतो. कॉइलचा करंट मधल्या वायरीनं टोपीत येतो. आत रोटर फिरतो आणि चार दिशांच्या चार खुंट्यांना पाळीपाळीनं करंट देतो, पंगतीत वाढप्या फिरतो तसा. ज्याची पाळी त्याच्याच पानात पडलं पाहिजे. उन्हाळ्यात हे चाललंही असतं, पण मार्गशीर्षाचं दव पडलं, हळद ओली झाली, आणि वाढप्या तिच्यावरून घसरला. करंट वाटेल तिकडे जाऊ लागला. त्यानं आत कोळशासारख्या बारीक काळ्या रेघा पडल्या होत्या. एकदा त्या पडल्या की टोपी पुसूनही उपयोग नाही, ती बदलावीच लागते. शिवाय साहेबरावांनी दुसऱ्या दिवशी दोन वायरींची अदलाबदल केली होती, म्हणून तो बार. हे तिनं मला एकट्याला सांगितलं आणि वायरी गुपचूप बदलल्या. सासऱ्याची अब्रूही तिनं त्या चार बोटांत सांभाळली.

मी तिला म्हणालो, करुणा, देवाचा भंडारा आहे, मला पुसवला नाही. ती हसली नाही. (तिच्या घरात भंडारा नसतो, पण तिच्या सासूच्या पंचशीलाला आम्ही कधी हसलो नाही, आणि तिनंही ते ध्यानात ठेवलं असावं.) तिनं स्वच्छ रुमाल काढला, डिस्ट्रिब्युटरमधला भंडारा त्यात झटकून घेतला, माझ्या हातात पुडी दिली आणि म्हणाली, "कपाळाला लावा काका. हे कपाळ नाही."

नवी टोपी आणायला आम्ही चार दुकानं फिरलो. एका दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून उभं राहून नमस्कार केला, पण टोपी नव्हती. संध्याकाळी करुणानं ती कुठून तरी आणली. प्लग जागेवर लावले, टोपी बसवली, पट्ट्या दाबल्या, मला म्हणाली, मारा सेल्फ. एका फेऱ्यात गाडी लागली, रामेश्वर, आणि मामा असताना लागायची तशी लागली. गच्चीवरची काठी थांबली. या वेळी वरून कुणी काही विचारलं नाही. आई कठड्याला धरून उभ्या होत्या आणि ऐकत होत्या.

चंपाषष्ठीला पहाटे निघालो. आई पुढं डावीकडे, मांडीवर भरीत-रोडग्यांचा नैवेद्य. साताऱ्याला तू जाणतोस काय असतं. आकाशातून भंडारा पडत होता. मी गाडी लांब उभी केली, बॉनेटवर घरची चादर पांघरली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि तिच्यावर आडवा हात टाकून उभा राहिलो. लोक हौसेनं मुठी घेऊन येत होते, दादा, गाडीला लावू द्या. मी म्हणालो, मला लावा. त्यांनी लावला. सत्यशीला आईंना धरून दर्शनाला गेली, मी गेलो नाही. तिथूनच कळसाला हात जोडले. मी दरवर्षी रांगेत उभा राहून देवापुढं जातो आणि मागच्याचा धक्का लागतो म्हणून नीट बघतही नाही. यंदा दोन तास कळसाकडे बघत उभा होतो. आई परत आल्या, गाडीतच बसून उपास सोडला, आणि पहिला घास मला दिला. त्या वेळी सत्यशीला माझ्याशी पहिलं वाक्य बोलली. ते होतं, "तोंड पुसा, हळकुंड दिसताय."

रजा संपवून कामावर गेल्यावर ही हकिकत मी आमच्या साहेबांना सांगितली. फार हेलावले. म्हणाले, ही तर आपल्या सगळ्यांसाठी शिकवण आहे. कालपासून आमच्या तपासणीच्या तक्त्यात खाली एक नवी ओळ आली आहे, 'वरील सर्व भाग प्रत्यक्ष उघडून पाहिले आहेत'. तिच्यापुढं तीन रकाने आहेत. आज सकाळी मला पुढच्या आठवड्याचे तक्ते मिळाले, त्या ओळीवर दोन सह्या आधीच झालेल्या होत्या.

असो. फार लिहिलं. तू येत्या रविवारी येणार आहेस तेव्हा गाडी तुला पुसून, भरून, सुरू होणारी अशी मिळेल. बॉनेट मी पुन्हा उघडणार नाही. कंबर जप, सूनबाईंना आशीर्वाद सांग.

तुझा,
कडुबादाजी

ता.क. येताना पुण्याच्या जुन्या बाजारातून या गाडीची डिस्ट्रिब्युटरची टोपी घेऊन ये. रविवार चुकवू नकोस. सध्या गाडीत आहे ती करुणाच्या शिकवणी केंद्रातल्या नमुन्याच्या इंजिनावरची आहे. मुलांना भाग ओळखायला ठेवलेल्या त्या इंजिनावर तिनं तात्पुरती आमची पितळेची वाटी पालथी घातली आहे. बारा तारखेला प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांनी ती वाटी उचलून पाहिली तर करुणाच्या नोकरीवर बेतेल. तिनं तसं बोलून दाखवलं नाही, पण मला ते कळतं. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं, बाकीचं लिहिण्याच्या ओघात आलं.

आणखी ता.क. जुनी टोपी परत मिळण्याची आशा करू नकोस. चंपाषष्ठीहून आल्यावर आईंनी ती मागून घेतली आणि देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवली आहे. रोज तिला फूल वाहतात. त्यांची समजूत अशी आहे की देवाच्या भंडाऱ्यानंच गाडी चालू झाली. त्याच्यानंच बंद पडली होती हे त्यांना कळलं तर मामांच्या गाडीला आपला हात लागला म्हणून त्या मनाला लावून घेतील. तेव्हा हे पत्र वाचून जाळून टाक आणि आल्यावर तोंडातून ब्र काढू नकोस. मीही रोज सकाळी त्या टोपीपुढं हात जोडतो. पहिल्या दिवशी लाज वाटली, आता सवय झाली आहे.

शेवटचं ता.क. पाकीट डकवायला खळ नव्हती म्हणून मी दुकानात गेलो, तेवढ्यात सत्यशीलेनं हे पत्र आईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. (मोठ्यानंच वाचावं लागतं.) परत आलो तर दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या. आई म्हणाल्या, "करुणानं टोपी उलटी केली तवाच गच्चीवरून दिसला की माझा भंडारा. मला कमी ऐकू येतंय, दिसत नाय का?" मी विचारलं, मग देवघरात का ठेवली? म्हणाल्या, "तुमी रोज सकाळी हात जोडता त्या जागी ठिवली, जावईबापू. डोळं उघडं ठिवून जोडत जा." मग थोडा वेळ शेंगा फोडल्या आणि हे लिहायला सांगितलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. रामाला म्हणावं, टोप्या दोन आण. एक आत्ता लागंल, एक पुढच्या खंडेनवमीला.